नयन, कनक आणि विसरलेलं अर्धं

अरे, माझ्या गणितातल्या पीएचडीचा घरच्यांना उपयोग झाला तो एकदाच, भावाच्या लग्नात. भाऊ नयन, मुलगी कनक. दोन्ही घरांची पत्रिका एकच काढायची ठरली आणि पहिलं नाव कोणाचं यावर आमची आई आणि परळहून आलेले कनकचे काका यांची अशी जुंपली की लग्न मोडायची वेळ आली!

मी मध्ये पडलो. "काका, नयन उलटं वाचा. नयनच. कनक उलटं वाचा. कनकच. पण 'नयनकनक' उलटं वाचलं की होतं 'कनकनयन'. म्हणजे नावं बिचारी सरळ आहेत, भांडण जोडण्यात आहे. आमच्या जॉर्डन बीजगणितात यावर उपाय आहे. दोन्ही क्रम घ्यायचे, बेरीज करायची आणि अर्धं करायचं. मग उलटं वाचा नाहीतर सुलटं, सारखंच!"

काका म्हणाले, "मराठीत सांग."

"अर्ध्या पत्रिकांवर नयन आधी, अर्ध्यांवर कनक."

आई म्हणाली, "एवढ्यासाठी सहा वर्षं शिकतोयस?" पण भांडण मिटलं. छापखान्यात फोन मीच केला, एकदम ऐटीत. "पाचशे पत्रिका, दोन्ही प्रकारच्या छापा."

आल्या हजार.

दोन्ही पत्रिका घेऊन मी माटुंग्याला माझ्या गाइड मॅडमना आमंत्रण द्यायला गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "अर्धं करायचं विसरलास ना? तुझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातही तेच झालंय."