ना-हरकत

…नाही, नाही, बस तू, उभं राहून काय होणार आहे — आणि सर म्हणू नको मला, शामरावचा पोरगा तू, कॉलनीत काका म्हणतोस ते इथंही म्हण, दार लागलंय. छोटेलाल, दो चाय, और किसी को अंदर मत भेजना. हां, तर तुझी फाईल. हीच ना? विश्वास शामराव मेश्राम, एम.ई. पार्टटाइम, प्रबंधात ऑफिसच्या नोंदी वापरायला ना-हरकत मिळण्याबाबत. मागच्या नोव्हेंबरात टाकलीस. आज तीस जुलै. उद्या तुझी पाच वर्षं संपतात, उद्या पाच वाजता विद्यापीठाची खिडकी बंद, आणि ना-हरकत पत्र सोबत नसेल तर तिथला बाबू प्रबंधाला हातही लावत नाही. माहीत आहे मला. दोन वर्षं नोकरी झालेली पाहिजे, अर्ज ऑफिसमार्फत गेला पाहिजे, आठ पेपर, मग प्रबंध, आणि सगळं पाच वर्षांच्या आत — पाठ आहेत मला हे नियम. काहून असा बघतोस? शामराव बोलला नाही कधी? मीही बसलोय त्या वर्गात, चौऱ्याहत्तर साली, ऑफिस सुटलं की इथून आलमबागेच्या रस्त्यानं सायकल हाणत जायचो, घाम वाळायच्या आत पहिल्या बाकावर. आठही पेपर पास झालो.

मग डिग्री कुठंय म्हणतोस — कुठंय, सांगतो ना. प्रबंध रेल्वेच्या पुलाच्या गर्डरवर होता माझा. गाडी वरून जाताना लोखंड किती ताणलं जातं ते मोजायचं. दोन उन्हाळे त्या पुलाखाली काढले, गेज मीच चिकटवले, रीडिंग मीच उतरवले, तुझी काकू, कांता, म्हणायची, माणूस घरी येतो की लोखंड येतं. पण रीडिंग सरकारचे. वापरायचे तर साहेबांची परवानगी पाहिजे. फाईल टाकली सत्त्याहत्तरच्या नोव्हेंबरात आणि वाट पाहत बसलो. विचारायला गेलो नाही. एकदाही नाही. का नाही गेलो? — अरे, तुला कळायला पाहिजे हे, तू आपल्यातला आहेस. सेक्शनमध्ये मागून बोलायचे लोक, ये लोग तो माँग-माँग के ऊपर आते हैं. म्हटलं, मागायचंच नाही. ज्याचा त्याला कागद जाईल, नियमाप्रमाणे येईल. ताठ मानेनं बसलो मी खुर्चीवर, दीड वर्षाच्या वर बसलो, आणि एकोणऐंशीच्या जुलैत मुदत संपली. घरी येऊन जेवलो आणि झोपलो.

एक्क्याऐंशीत साहेबांची ही खोली मला मिळाली. ते मागचं कपाट साफ करायला घेतलं तर खालच्या कप्प्यात माझी फाईल. माझीच. त्यावर साहेबांनी लिहिलेलं, प्लीज स्पीक. खाली तारीख — मी फाईल टाकली त्याच्या चौथ्या दिवसाची. म्हणजे काय, तर ये, समोर बस, दोन शब्द बोल, मग सही करतो. ती फाईल परत सेक्शनला यायला पाहिजे होती, कुणी आणली नाही, आणि मी विचारलं नाही. दहा पावलांवर होती रे ही खोली. चहा घे, साय धरेल. मी त्या दिवशी या खुर्चीवर बसून रडलो, तुला म्हणून सांगतो, छोटेलालला वाटलं घरून तार आली.

उघड. उघड फाईल, बघ तू. हो, तेच लिहिलंय, प्लीज स्पीक. सही माझी आहे. अठरा नोव्हेंबर. — नाही, सेक्शनला पाठवली नाही मी. इथंच ठेवली, या ड्रॉवरमध्ये. म्हटलं, तू येशील. कॉलनीत रोज दिसतोस, बुद्धपौर्णिमेला माझ्या हातून खीर घेतलीस, म्हटलं आज विचारेल, उद्या विचारेल. तू नमस्कार करायचास आणि पुढं जायचास. आठ महिने आपण दोघंही काही बोललो नाही. विसरलो असं सांगू शकलो असतो तुला, तेच सांगायचं ठरवलंही होतं सकाळी — पण नाही, विसरलो नव्हतो. फाईलला जोडलेला तिसरा चॅप्टर वाचला ना मी तुझा. ते आकडे कुणाचे आहेत माहीत आहे? त्या पुलाचे. पंच्याहत्तर आणि शहात्तरचे. माझ्या अक्षरातल्या वह्या आहेत त्या, प्रत्येक पानाखाली रामदास वासनिक अशी सही आहे. आणि तू काय लिहिलंस? उपलब्ध कार्यालयीन नोंदींवरून. बस. पुढे आभार — गाईडचे, डायरेक्टरचे, आईवडिलांचे, टायपिस्टचेसुद्धा. टायपिस्टचे आभार मानलेस तू. मला राग आला. राग कसला, जळलो मी. फाईल खाली ठेवली आणि ड्रॉवर लावला.

आता आभारात घातलेलं माझं नाव वाचून दाखवू नको, आता घातलंस तरी काय. मी आज सही केली तरी वर डायरेक्टर, मग दिल्ली, तीन आठवडे कुठं गेले नाहीत. हे काय आणखी? — अच्छा. मुदतवाढीचा फॉर्म. तुला माहीत आहे तर. सहा महिने देतात, हां, देतात, पण एकाच अटीवर, उशीर विद्यार्थ्याचा नाही, ऑफिसचा आहे असं ऑफिसनं लिहून द्यायचं. कुठल्या टेबलावर, किती दिवस, खाली त्या अधिकाऱ्याची सही. दोनच ओळी आहेत, बरोबर आहे तुझं. मलाही हव्या होत्या त्या दोन ओळी, कुणी दिल्या नाहीत.

ऐक. सप्टेंबरात माझी प्रमोशनची कमिटी बसते. या ग्रेडमध्ये आपला एकही माणूस गेलेला नाही अजून, आणि हे सगळे टपून बसलेत, वासनिकच्या हातून एक चूक दिसू दे म्हणून. मीच माझ्या हातानं लिहून देऊ, की फाईल मी आठ महिने दाबून ठेवली? तुला काय, तू एकोणतीसचा, परत ॲडमिशन घेशील. — हो, नवीन नियमानं पेपर पुन्हा द्यावे लागतील, आठही. माहीत आहे. लग्नही ठरतंय तुझं, माहीत आहे. नको, पाया नको पडू, उठ, कुणी बघेल. मी मागितलं नाही म्हणून माझं गेलं आणि तू मागतोयस तरी मी देत नाही, हे काय मला कळत नाही? कळतं. हात जात नाही माझा. मोठं कारण सांगितलं ना मी, आपल्या माणसांचं, कमिटीचं — ते खरंच आहे. पण कमिटी नसती तरी मी लिहिलं असतं का, ते मला विचारू नको.

उचल तो फॉर्म. तुझ्या वडलांशी मी बोलेन संध्याकाळी — नाही, नको, मी नाही यायचो. तूच सांग. सांग, काकांनी खूप प्रयत्न केला, नियमात बसलं नाही.

जा.

छोटेलाल, अगली फाइल.