नमुन्याच्या पोळ्या आणि कपाटाची किल्ली

मी मूळची पुण्याजवळच्या मांजरीची. आता तिथं इमारती झाल्यात, तेव्हा नजर जाईल तिथं ऊस होता, आणि त्यातली एक कांडीही आमची नव्हती, आई-वडील दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायचे. चौथीपर्यंत शाळा झाली माझी. मास्तर म्हणाले, शेवंता हुशार आहे, पुढं शिकवा, वडील म्हणाले, हुशार आहे तर भाकरी लवकर शिकेल, आणि शिकले मी लवकर, तेव्हा त्यांचंही खरंच झालं म्हणायचं. लग्न गावातच झालं. नवरा टेम्पो चालवायचा, मुलगा सहा वर्षांचा होता तेव्हा नवरा वारला. माणूस वाईट नव्हता, पण घरात काही ठेवून गेला नाही, म्हणून मी बस धरली आणि सदाशिव पेठेत पोळ्या करायला लागले.

काय सांगू तुम्हाला, पेठेत काम मिळवणं सोपं नव्हतं. तिथल्या बायका आधी तुमच्याकडे बघतात, मग तुमच्या नखांकडे बघतात, मग विचारतात, अहो, घडीची पोळी येते का, की आपल्या नुसत्याच चपात्या. मी म्हटलं, येते की नाही ते तव्यावर बघा, आज फुकट करते, आवडल्या तर उद्यापासून येईन, नाही आवडल्या तर खाऊन टाका आणि दार लावून घ्या. ती पहिली बाई हसली नाही, पण पोळी खाऊन म्हणाली, उद्या पावणेसातला या, सातला नको. तेव्हापासून माझी रीतच पडली ती. नवं घर आलं की पहिल्या दिवशी नमुन्याच्या पोळ्या, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. ही रीत नीट लिहून घ्या, कारण पुढं तिच्यापायीच मी फसत होते आणि तिच्यामुळंच वाचले.

एका वेळी आठ घरं केली मी. सगळं उभ्यानं. मग गुडघे गेले. वजनही वाढलं होतं, लोकांना वाटतं कष्टाची बाई बारीक असते, अहो, लाटणारी बाई काही पळत नसते, एका जागी उभी असते, आणि प्रत्येक घरी चहा, आणि उरलेली पोळी टाकवत नाही. शेवटी दोनच घरं राहिली, जिना नसलेली. डॉक्टर म्हणाले, आजी, ऑपरेशन करू, पण आधी दहा किलो कमी करून या. मी म्हटलं, ते काय डोक्यावरचं पीठ आहे का, खाली उतरवून ठेवायला. ऑपरेशनचे पैसे मी बँकेत ठेवले होते, पोळ्यांचेच, त्यांना हात लावायचा नाही असं घरात सांगून ठेवलेलं. त्या पैशांवर माझं पुढचं चालणं होतं. ते गेले असते तर मी खाटेवर बसून राहिले असते, दुसरं काही नाही.

आता माझी सून, कविता. लोणी काळभोरची. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचंही अंग सुटलं, आणि माझा मुलगा तिला येता-जाता बोलायचा, दारातून आडवी निघ म्हणायचा. मी त्याला म्हटलं, तुझं पोट आधी घरात येतं, मग तू येतोस, तू गप बस. तो गप बसला, पण तिच्या मनाला लागायचं ते लागलं होतंच.

एका शनिवारी दुपारी मी कामावरून येऊन पाय पसरून बसले होते, तर ती मोबाईल घेऊन आली. आत्या, हे बघा, म्हणाली, पावडर हाय, दुधातनं घ्यायची, चौदा दिवस फुकट, नुसता घरी पाठवायचा खर्च द्यायचा, दोघी घेऊ, तुमचं ऑपरेशन पण लवकर हुईल. त्यात एका बाईचे दोन फोटो होते, एकात जाड, एकात बारीक. मी म्हटलं, नाक वेगळं आहे. ती म्हणाली, बारीक झाल्यावर नाक पण बारीक दिसतं.

तशी मी भोळी नाही. भाजीवाल्यानं कोथिंबीर फुकट टाकली की मी वांग्याचं वजन दोनदा बघते. पण इथं मला खोट दिसली नाही, आणि त्याला कारण माझीच रीत. फुकट नमुना तर मी आयुष्यभर दिला होता. म्हटलं, असेल कुणी माझ्यासारखं, आपल्या मालावर भरवसा असलेलं.

कविताच्या खात्याला कार्ड नव्हतं, माझं होतं, ऑपरेशनचे पैसे होते त्याच खात्याचं, पिठाच्या डब्यामागं कागदात गुंडाळलेलं. ते मी माझ्या हातानं काढून दिलं. तिनं पुढचे सगळे आकडे घातले, मागचे तीन घातले, स्वतःचा फोन नंबर घातला, मग माझ्या साध्या फोनवर बँकेचा मेसेज आला, त्यात एक आकडा. तेवढ्यात कविताचा फोन वाजला, आकडा माझ्याकडे म्हणून तिनं तो माझ्या हातात दिला. एक मुलगी, गोड आवाज. मावशी, तुम्हाला आकडा आलाय ना, तेवढा मला सांगा, की तुमची पावडर निघाली. आता मावशी म्हटल्यानं मला काही होत नाही. पेठेत सगळे मला मावशीच म्हणतात, खाड्याचे पैसे कापतानाही मावशीच म्हणतात. पण सांगणार होते मी. चष्मा लावला, फोन उजेडाला धरला, आणि आकडा वाचता वाचता माझ्या मनात आलं, की शेवंता, एवढ्या घरांत तू नमुन्याच्या पोळ्या केल्यास, त्यातल्या एका तरी बाईला आधी म्हणालीस का, की तुमच्या कपाटाची किल्ली द्या, पोळ्या नको झाल्या तर तसं कळवा, मग परत करीन? म्हटलं असतं तर तिनं लाटणं घेऊन हाकललं असतं मला, आणि बरोबर केलं असतं. फुकट देणाऱ्याला किल्ली कशाला लागते?

मी त्या मुलीला विचारलं, तुमचं दुकान कुठं आहे. मावशी, आम्ही ऑनलाइन असतो. मग नको झालं तर परत कुठं आणून द्यायचं? ते नंतर कळवतील. आणि चौदा दिवसांनी काय? ते सगळं अटींमध्ये आहे, तुम्ही आकडा सांगा, ऑफर दहा मिनिटांत संपते. मी म्हटलं, संपू दे, आम्ही जेवून बसलोय. तेव्हा तिची मावशी गेली आणि मॅडम आली, म्हणाली, ओ मॅडम, घ्यायचं नव्हतं तर फॉर्म कशाला भरला. मी फोन बंद केला.

कविता चिडली. आत्या, तुम्हाला कुणाचं चांगलं झालेलं बघवत नाही, म्हणाली. मी म्हटलं, बारावी झालीयस ना, खाली काय लिहिलंय ते वाच. ती बोटानं वर वर सारत गेली, मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं, एकेक ओळ मला मराठीत सांगत गेली. चौदा दिवसांत आपण होऊन बंद करा म्हणून कळवलं नाही, तर दर महिन्याला नवा डबा येणार आणि पैसे कार्डातून आपोआप जाणार. चौदा दिवस मोजायचे मागवल्या दिवसापासून, डबा घरी आल्यापासून नाही. म्हणजे डबा वाटेत असतानाच आमचे निम्मे दिवस संपणार.

कार्डाच्या पाठीमागं बँकेचा नंबर होता, त्यावर फोन लावून तिथल्या तिथं कार्ड बंद करायला सांगितलं. पण आकडे तर सुटले होते आपल्या हातून. रविवारी बँक बंद. त्या दिवशी माझ्या तीन पोळ्या करपल्या. माझ्या. मुलानं विचारलं, आज काय झालं, मी म्हटलं, गॅस मोठा झाला.

सोमवारी बँक उघडायच्या आधी आम्ही पायरीवर. आतल्या मॅडमनी पासबुक यंत्रात घातलं, ते करकर करत बाहेर आलं, आणि मी पहिल्यांदा शेवटची ओळ बघितली. होते. सगळे होते. मॅडम म्हणाल्या, आकडा सांगितला नाहीत ते बरं केलंत, आणि कार्ड लगेच बंद केलंत ते त्याहून बरं, कारण काही जण त्या आकड्याशिवायही पैसे ओढतात. शनिवारी संध्याकाळी कुणीतरी ओढायला बघितलं होतं म्हणे, कार्ड बंद होतं म्हणून जमलं नाही. कविता बाकावर बसली ती बसलीच. मग हळूच म्हणाली, आत्या, बोला की मला काहीतरी. मी म्हटलं, कार्ड डब्यामागून कुणी काढलं? मीच ना. मग तुला काय बोलू. चल, बस येईल.

आता तुम्ही विचाराल, वजनाचं काय झालं. दवाखान्यात आहार सांगणाऱ्या बाई असतात, त्यांनी विचारलं, पोळ्या किती खाता. मी म्हटलं, लोकांच्या मोजते, माझ्या कधी मोजल्या नाहीत. तर आता माझ्याही मोजते. दोन. चहात साखर नाही, आणि उरलेली पोळी ज्यांची त्यांच्याच डब्यात ठेवून येते. सात किलो उतरलं, तीन राहिलंय, उन्हाळ्याच्या आधी एक गुडघा करायचा ठरलाय. कविता माझ्याबरोबर पेठेत येते, मी स्टुलावर बसून लाटते, ती भाजते, येताना तिला मी दोन थांबे आधीच उतरवते. तिचंही उतरतंय. पावडरीशिवाय.

मागच्या आठवड्यात एक नवं घर आलं, तिथं तिला एकटीला पाठवलं, नमुन्याच्या पोळ्या करायला. परत आली तर मी विचारलं, काय म्हणाल्या. म्हणाली, उद्यापासून बोलावलंय, घरातली दोघं सकाळी लवकर जात्यात, म्हणून घराची किल्ली ठेव म्हणत होत्या. मग? ती म्हणाली, मी त्यांना म्हटलं, महिनाभर तुम्ही असताना येते, मला नीट बघून घ्या, मग द्यायची तर द्या.

रात्री जेवताना मी तिच्या ताटात भाजी जरा जास्त वाढली. पोळ्या मात्र दोनच.

चला, लिहून झालं असेल तर उठा आता. पायरी जपून उतरा, आणि गुडघे आहेत तोवर चालून घ्या.