काडेपेटीएवढ्या डोळ्याची दृष्ट

...आणि वर गावातले लोक तोलोमुशलाच विचारतात, टेकडीनं तुझं काय घोडं मारलं होतं? अहो, काडेपेटीएवढा तर कॅमेरा! तुम्हाला सांगतो, तोलोमुशच्या वडिलांनी सोव्हिएत काळात घेतलेला, मुठीत धरला तर मूठ रिकामीच वाटावी असला, त्यात घालायची ती फिल्म ओश शहराच्या बाजारातून मागवायची, चार गोधड्यांखाली शिरून अंधारात चाचपडत चिंचोळी कातरायची, घामानं थबथबून बाहेर यायचं आणि फोटो काढून झाले की बायकोच्या दह्याच्या वाडग्यात धुवायची, की चार दिवस घरात दह्याला औषधाचा वास! एवढं करून फोटो केवढा? पोस्टाच्या तिकिटाएवढा. असल्या कॅमेऱ्यानं मुंगी तरी मरेल का? सांगा ना!

तर या तोलोमुशला नाद निसर्गाचा. पूर्वी वर कुरणात चढून बिळातले मार्मोट टिपायचा, ट्युलिप टिपायचा, पण आयुष्यभर घाटातून ट्रक हाकून गुडघे गेले. मग निसर्ग उरला तो फाटकातून दिसेल तेवढा, म्हणजे थोरला भाऊ शाबदान, त्याचं घर, घरासमोरचा विजेचा खांब आणि घरामागची मातीची टेकडी. टेकडीवर एकच रानसफरचंदाचं झाड. तोलोमुशनं ठरवलं, बर्फ वितळल्यापासून फुलं येईपर्यंत या झाडाचा दर शुक्रवारी एक फोटो काढायचा. हात थरथरतो म्हणून फाटकाच्या खांबाला खोबण पाडली, कॅमेरा त्यात बसवला, कळ दाबली. झालं! कुणाचं काही घेतलं नाही, कुणाला काही बोलला नाही.

कळ्या धरल्या, तेव्हा फिल्म संपत आली. एकच फोटो राखून बाकीची फिल्म कापून त्यानं धुतली, फोटो छापले, गालिच्यावर ओळीनं मांडले आणि भिंग लावून चहा पीत बघत बसला. पहिल्या फोटोत झाड कुठं? विजेच्या खांबाच्या टोकाच्या वर. पुढच्यात टोकाला टेकलेलं. त्याच्या पुढच्यात तारेच्या खाली... खांब जागेवर. शाबदानचं धुराडं जागेवर. खोबण जागेवर. झाड तेवढं खाली येतंय.

चहा तसाच राहिला, हो. मग त्याला एकेक आठवायला लागलं. टेकडीखालच्या झऱ्याला गढूळ पाणी येतंय. मॅगपाय पक्ष्यांनी घरटी हलवली. शाबदानचा कुत्रा अंगणात झोपत नाही, रस्त्यावर झोपतो. आणि शाबदानच्या गोठ्याचं दार लागेनासं झालंय, म्हणून तो सुताराला शिव्या देत हिंडतोय!

तोलोमुश लंगडत भावाकडे. शाबदान आपला चहात पाव बुडवतोय. फोटो बघून म्हणाला, ‘‘झाड चालत येतंय म्हणतोस? पाय दिसले का रे फोटोत?’’

‘‘झाड नाही, आके,’’ तोलोमुश थोरल्या भावाला म्हणाला, ‘‘टेकडी येतेय.’’

‘‘येऊ दे. आली की चहा पाजू.’’

मग तोलोमुशनंच जिल्ह्याहून साहेब आणवला. त्यानं फोटो उन्हात धरला, चष्मा वर केला, खाली केला, हा ठिपका आहे म्हणाला, मोठा फोटो आणा म्हणाला, आणि शाबदानकडे पुलाव हाणून निघून गेला. मोठा कुठून आणणार? काडेपेटीएवढा तर कॅमेरा!

इतका वेळ बुरुलचा जेंगे, म्हणजे तोलोमुशची वहिनी, शाबदानची बायको, कोपऱ्यात भांडी घासत होती. तिनं अगदी हळू विचारलं, ‘‘तोलोमुश, आमच्या टेकडीचे फोटो किती दिवस काढतोयस?’’

बर्फ गेल्यापासून, दर शुक्रवारी, तो म्हणाला.

‘‘दर वेळी छान दिसतंय म्हणालास?’’

‘‘म्हणालो असेन.’’

‘‘आणि एकदा तरी थू-थू केलंस?’’

नव्हतं केलं! तुम्हाला सांगतो, शाबदानच्या हातातला पाव चहात विरघळला. टेकडीला न घाबरणारा माणूस, साहेबासमोर मिशीला पीळ देणारा माणूस, पण दृष्ट लागलेल्या घरात एक रात्र काढायची? छे! एक डोळा मिटून, दुसरा बारीक करून, महिनोन् महिने रोखून बघितलंय म्हणे यानं! जेंगेनं दृष्ट घालवायला आर्चा झाडाचा पाला पेटवून घरभर धूर केला आणि गोधड्या बाहेर काढायला घेतल्या.

तोलोमुश सांगायला तोंड उघडणार होता, की जेंगे, दृष्टबिष्ट काही नाही, ही माती आहे, पाणी पिऊन सुटलीय... तेवढ्यात त्यानं बघितलं, पाळणा बाहेर आला. नातू बाहेर आला. मेंढ्या बाहेर आल्या. त्यानं तोंड मिटलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाला, ‘‘होय, जेंगे. माझी नजर वाईटच आहे.’’

बस्स. तेवढं एक वाक्य. शाबदान पुलावाची कढई डोक्यावर उपडी घेऊन त्याला वाटभर शिव्या देत निघाला. कुठं? तोलोमुशच्याच घरी! दुसरीकडे कुठं जाणार?

चार दिवस गेले. दुपारी सगळे चहाला बसले होते, शाबदान घरी परत जायची भाषा करत होता, आणि बाहेर कुणीतरी भलीमोठी सतरंजी ओढल्यासारखा आवाज झाला. फार मोठा नाही, लांबत जाणारा... बाहेर येऊन बघतात तर धूळ. धूळ बसली तर शाबदानचं घर नाही. गोठा नाही, खांब नाही. आणि शाबदान ज्या जागी झोपायचा, बरोब्बर त्या जागी ते सफरचंदाचं झाड उभं. ताठ. एक फांदी मोडली नाही, आणि सगळं फुललेलं!

गाव जमलं. पण कुणी टेकडीकडे बघेना, सगळे तोलोमुशकडे बघत होते. त्याच्या खिशात कॅमेरा, कॅमेऱ्यात शेवटचा एक फोटो, समोर तो फुलोरा, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला. हात खिशात गेला... आणि तसाच रिकामा बाहेर आला.

आता तो रस्त्यानं निघाला की बायका पोरांना पदराआड घेतात, घोडेवाले घोडी आत बांधतात. आणि अंधार पडला की हेच लोक मागच्या दारानं येऊन कानाशी लागतात, शेजाऱ्याच्या वळूचा एखादा फोटो काढशील का रे! गावातल्या अक्सकालांनी, म्हणजे जाणत्या म्हाताऱ्यांनी, बजावलंय, की जमिनीवरच्या कशावरही तो डोळा रोखायचा नाही. खरं सांगावं, तर जेंगे पोराबाळांसह अजून त्याच्याच घरात. ती उद्या म्हणायची, दृष्ट नव्हती तर मग परतच जातो, तिथंच उरल्या मातीखाली घर बांधतो!

म्हणून तो बिचारा दर शुक्रवारी फाटकाशी पाठ टेकून फक्त आभाळाचे फोटो काढतो. काडेपेटीएवढा तर कॅमेरा! आणि कळ वाजली रे वाजली की शाबदान वर आभाळाकडे बघत उठतो, कढई डोक्यावर उपडी घालतो आणि पुन्हा चहाला बसतो.