कुकरची शिट्टी आणि माझा फोन

माझ्या आठवणीवर फार विसंबू नका, पण जपानात सेंदाईला मुलीकडे राहत होतो तेव्हाचं हे असावं. फोनचा साधा गजर माझ्या कानात शिरत नसे, म्हणून दुपारच्या गोळीसाठी मी कुकरची शिट्टी रेकॉर्ड करून तीच गजराला लावली होती; बंद करेपर्यंत ती थांबून थांबून वाजत राही.

त्या दिवशी मुलीचे प्राध्यापक, तिचे ‘सेन्सेई’, जेवायला यायचे होते. तिची नोकरी पुढे वाढवणं त्यांच्याच हातात होतं. तीन शिट्ट्या झाल्यावर बायकोने गॅस बंद केला. वरण घोटायला घेतलं, तर डाळ कच्ची.

“अहो, तीन झाल्या ना?”

“मीही तीनच मोजल्या.”

तेवढ्यात आतल्या खोलीतून चौथी शिट्टी वाजली. कुकर तर समोर उघडा होता.

“बाबा!” मुलगी दबक्या आवाजात ओरडली. “सेन्सेई येऊन बसलेत!”

तसंच वाढलं. ते शांतपणे चावून चावून जेवले. नोकरीही वाढली. भिडेखातर खाल्लं असेल, असं मी धरून चाललो.

बऱ्याच वर्षांनी ते पुण्याला आमच्याकडे जेवले. मऊ वरण चाखून मुलीच्या कानात काहीतरी पुटपुटले.

“काय म्हणताहेत?” मी घाबरून विचारलं.

“म्हणताहेत, आज डाळ जरा जास्त शिजली का?”