चित्रावरचा हार

बेलापूरकर मंडळी, आणि सुंदराआजींच्या घरच्यांनो,

मला असं बोलायची सवय नाही. शाळेत चित्रकला शिकवते, तिथं फळ्याकडे तोंड करून बोलता येतं. आज समोर तुम्ही आहात आणि मागे आजींचं चित्र. दोन्हीकडे बघवत नाही.

ही छापील प्रत. मूळ चित्र नगरच्या संग्रहालयात आहे, तुम्ही पाहिलंय. ते काढायचं ठरलं तेव्हा गावातलं कुणीच म्हातारं माणूस माझ्यासमोर बसायला तयार नव्हतं. जिवंतपणी चित्र काढलं की आयुष्य घटतं म्हणे. आजी म्हणाल्या, "मी बसते. पन रिकाम्या हातानं न्हाई. मी काय पावनी हाय व्हय?"

आणि मांडीवर सूप घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या. मी म्हणायचे, आजी, हात थांबवा. त्या थांबवायच्या. माझी मान वळली की पुन्हा टरफलांचा आवाज. शेवटी मी ते हात तसेच रंगवले, जरा पुसट, हलते. पाहणारे आधी त्या हातांबद्दलच विचारतात. माझं जे काही नाव झालं, ते त्या हातांनी केलं.

आपण सगळे चित्र बघायला गेलो तो दिवस आठवतो ना? भाऊसाहेबांनी, आजींच्या मुलानं, टेम्पो केला होता. आत जातो तर चित्राला झेंडूचा हार, खाली उदबत्ती. तिथल्या शिपाईमामांनी मनोभावे घातलेला. त्यांचं तरी काय चुकलं? आपल्याकडे हयात माणसाला भिंतीवर कोण लावतं?

भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. "मॅडम, हे आत्ताच्या आत्ता खाली घ्या." आईच्या जिवावर उठलेलं चित्र कुठला मुलगा राहू देईल? मी मनातून ते सोडूनच दिलं होतं.

आजींनी शिपाईमामांना हाक मारली. "त्यो हार दे बाबा काढून. जिचा हाय ती आलीय." मामा घाबरून पाया पडायला लागले. आजी बाकावर बसल्या, दोरा सोडवला आणि एकेक फूल वाटायला लागल्या. आपल्या बायकांच्या केसांत, पोरींच्या हातात, एक मामांच्या खिशाला. शेवटचं भाऊसाहेबांच्या तळहातावर ठेवलं. "मला कुठं काय झालंय? ऱ्हाऊ दे तिला तिथं. पोरीनं लई कष्टानं काढलीय."

चित्र राहिलं. आजीही राहिल्या, चांगली बरीच वर्षं. पणतू खेळवला. दरसाल शेंगा निघाल्या की माझ्या दारात पिशवी यायची. आयुष्य घटतं म्हणणाऱ्यांना त्या हसायच्या, आणि मला धीर यायचा. आजींनी मला किती दिलं, ते मी त्यांना नीट कधी सांगितलंच नाही. आज सगळ्यांसमोर सांगते. मी त्यांची ऋणी आहे.

मघाशी भाऊसाहेबांनी हा हार माझ्या हातात दिला. म्हणाले, "मॅडम, आता तुमीच घाला." आता घालायला हरकत नाही, हे मलाही कळतं. पण भाऊसाहेब, माझ्यानं होत नाही. त्यांनी जे केलं तेच मी करते. दोरा सोडवते.

आपण उभे राहू या, आणि थोडा वेळ कुणी काही बोलू नका. मग जाताना ज्यानं त्यानं इथून एक फूल घेऊन जा.

आजी, हार काढलाय. नमस्कार करते.