सरांच्या टेबलावरची भरलेली बंदूक

मी, खाली सही करणारी, वय ४८ वर्षे, धंदा पहारेकरीण (रुग्णालयाचे मागचे फाटक), राहणार बेकरीमागची गल्ली, दुसरा मजला, जिन्यासमोरचे दार. ठाण्यातून बोलावणे आले म्हणून समक्ष हजर आहे. बोलावणे आले नसते तरी मी येणारच होते, हेही लिहून घ्यावे असे सांगितले. विचारल्यावरून सांगते ते असे.

वरील पत्त्यावर मी, माझे पती (लिफ्ट दुरुस्तीचे काम) आणि मुलगी (वय २१, शिक्षण चालू) असे तिघे राहतो. मी फाटकावर काठी घेऊन उभी असते. त्या काठीने आजवर मांजरे सोडून कोणाला हाकललेले नाही. आमच्या कंपनीला रोकड नेणाऱ्या गाडीवर एक बाई हवी आहे. पगार बरा, काम दिवसाचे आणि मुख्य म्हणजे बसायला जागा. पण त्यासाठी बंदुकीचा परवाना लागतो, म्हणून मी अर्ज केला.

परवान्यासाठी अर्ज, फोटो, डॉक्टरांचा दाखला, शेजारी चौकशी, बंदूक ठेवायच्या कपाटाची पाहणी आणि सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखला एवढे लागते. चौकशीला आलेल्या शिपायांना शेजारच्या काकूंनी, ‘रागीट आहे, पण मनाने चांगली आहे’ असे सांगितले. त्यातले पहिले लिहू नका म्हणून मी विनवले होते. त्यांनी दोन्ही लिहिले. ते कागद आपल्याकडे असतीलच.

प्रशिक्षणाचा दाखला देणारे सर ठाण्याच्या मान्य प्रशिक्षकांच्या यादीत आहेत. फौजेतून निवृत्त, वय सत्तरीच्या आसपास. वर्गात त्यांना पाठीमागे ‘तोफखाना’ म्हणतात. हे लिहायचे का, असे जबाब घेणाऱ्या हवालदारांनी विचारले. त्यांच्या चेहऱ्यावरून ते नाव त्यांनाही माहीत असावे असे वाटले. लिहा, म्हटले.

पहिल्या दिवशी सरांनी टेबलावरची दोन नळ्यांची बंदूक उघडून बघितली, बंद केली आणि माझ्या हातात दिली. मी ती थेट खांद्याला लावली. त्यांनी ती काढून घेतली.

“उघडून बघितलीत?”

“आत्ता तुम्हीच बघितलीत ना, सर.”

“मी बघितली. तुम्ही बघितलीत का?”

“नाही, पण तुम्ही एवढे—”

“मी कोण? देव? ज्याच्या हातात बंदूक, त्यानं स्वतः उघडायची. दोन्ही नळ्या आपल्या डोळ्यांनी बघायच्या. देणारा सख्खा बाप असला तरी. मी असलो तरी. माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही, कळलं?”

मग ती सबंध दुपार त्यांनी माझ्याकडून तेवढेच करून घेतले. घ्या, उघडा, बघा, बंद करा, परत द्या. बाकीचे खिडकीत उभे राहून चहा पीत होते आणि माझी गंमत बघत होते. माझे मनगट भरून आले. मनातल्या मनात मी सरांना जे बोलले ते जबाबात घेण्यासारखे नाही.

घटना शेवटच्या दिवसाची आहे. नेहमीच्या मोठ्या हॉलच्या छताचे काम निघाले होते, म्हणून वर्ग ऑफिसशेजारच्या छोट्या खोलीत भरला. हॉलमध्ये वाळूची एक मोठी पेटी असते. रिकामी बंदूकसुद्धा तिच्याकडेच रोखायची, अशी सरांची शिस्त आहे. ती पेटी चौघांनाही उचलण्यासारखी नाही, त्यामुळे ती तिकडेच राहिली. छोट्या खोलीत सरांनी भिंतीवर खडूने एक फुली मारली होती. भिंत म्हणजे प्लायवुडचा पडदा. पलीकडे अर्जदारांच्या घरची माणसे कागद भरत बसली होती.

त्या माणसांत माझी मुलगी होती. बंदुकीच्या कपाटाची दुसरी किल्ली घरात ज्याच्याकडे राहणार, त्याने स्वतः येऊन सही करायची असा नियम आहे. आमच्या घरात वस्तू जागेवर ठेवणारे एकच माणूस, म्हणून तिचे नाव दिले होते. ती फोनवर मैत्रिणीशी बोलत होती. तिचे हसणे मला अलीकडे ऐकू येत होते. नीट सही कर म्हणावे, असे माझ्या मनात आल्याचे आठवते.

पहिली पाळी माझी होती. सरांनी टेबलावरची बंदूक माझ्या हातात दिली आणि फुलीवर नेम धरून चाप ओढायला सांगितला. माझा अंगठा उघडायच्या खटक्यावर गेला.

“अहो, बघितलीय मी,” सर म्हणाले. “अजून चार जण आहेत, खोली रिकामी करून द्यायचीय. धरा नेम.”

मी म्हटले, “सर, तुमच्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं तुम्हीच शिकवलंत.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. खरे सांगायचे तर त्या दुपारचा राग माझ्या पोटात थोडा शिल्लक होता आणि चारचौघांत त्यांचेच बोल त्यांच्या पदरात घालायला मला बरे वाटले. मी बंदूक उघडली. उजव्या नळीत काडतूस होते. लाल, पितळी बुडाचे. सरावाची, दारू नसलेली काडतुसे पांढरी असतात.

हसणे थांबले. पलीकडे मुलगी अजून बोलत होती.

सरांनी जवळ येऊन पाहिले. काडतूस काढून टेबलावर ठेवले, बंदूक उघडीच ठेवली आणि मला म्हणाले, “तुम्ही पास.” मग बाकीच्यांकडे वळून म्हणाले, “मी नापास. सगळे बाहेर चला.” आवाज नेहमीचाच होता, पण तोफखाना गेला होता त्यातून.

नंतर ते पडद्यापलीकडे गेले. मुलगी खडूच्या फुलीच्या बरोबर मागे बसली होती. तिला काहीच माहीत नव्हते. “पोरी, जरा उठून इकडे बसतेस का,” असे म्हणून त्यांनी तिची खुर्ची स्वतः उचलून दाराशी नेली आणि तिला प्यायला पाणी आणून दिले. पाणी तिने मागितले नव्हते. मी दारात उभी होते.

चूक कशी झाली ते सरांनीच सांगितले. त्या सकाळी एक गृहस्थ परवान्याच्या नूतनीकरणासाठी आपली बंदूक तपासायला ठेवून गेले होते. ती आणि वर्गाची बंदूक एकाच बनावटीच्या. ताब्यात घेताना ती उघडून बघायची, तेवढ्यात खोली बदलायचा निरोप आला आणि राहून गेले. मग घाईत वर्गात आणली तीच. “बघितलीय” असे ते मला म्हणाले, तेव्हा त्यांना खरोखर तसे वाटत होते. ते खोटे बोलणारे नाहीत.

ठाण्याला फोन सरांनी केला, दुसऱ्या कोणी नाही. आलेल्या जमादारांनी सगळे ऐकून घेतले आणि, “सर, गोळी तर सुटली नाही. झालं गेलं, लिहायचं कशाला?” असे माझ्यासमोर म्हटले. सर म्हणाले, “दुसऱ्या कोणाकडून झालं असतं, तर मी लिहिलं असतं ना? मग लिहा.” आपले मान्यतापत्र त्यांनी तिथेच काढून दिले. पंचनामा होईपर्यंत ते भिंतीला टेकून उभे होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

घरी आल्यावर मी मुलीला खुर्चीवर राहिलेल्या ओल्या टॉवेलवरून नको इतके बोलले. मग तिला समोर बसवून तिचे केस विंचरले. तिने केस विंचरून घेणे शाळेतच सोडले आहे, पण त्या दिवशी तिने विंचरू दिले.

माझे पती फार चिडले. “त्या म्हाताऱ्याला आत टाक. आपली पोर होती तिथं.” मी म्हटले, “पोर होती म्हणूनच सांगते. तुम्ही लिफ्टचा दोर दुसऱ्यानं बघितला म्हणून वर चढता का?” ते म्हणाले, “नाही.” “कोणी शिकवलं?” “आमच्या उस्तादानं.” “तो कधीच चुकला नसेल?” दुसऱ्या दिवशी सरांकडे जाऊन ये, असे त्यांनीच सांगितले.

मी गेले. मला आभार मानायचे होते, पण सरांनी बोलू दिले नाही. दाखल्यावर सही करायचा अधिकार आपल्याला आता नाही, तुमचा वर्ग वाया गेला, म्हणून त्यांनीच माझी माफी मागितली. दुसऱ्या प्रशिक्षकांचा पत्ता लिहून दिला. मला सगळे पहिल्यापासून करावे लागेल आणि गाडीवरची जागा तोवर राहील की नाही, सांगता येत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. फाटक आहे, काठी आहे, मांजरे आहेत.

सरांकडून निष्काळजीपणा झाला का, असे विचारल्यावरून सांगते की झाला. बंदूक न बघता दिली आणि वाळूच्या पेटीशिवाय वर्ग घेतला. मी खोटे बोलणार नाही आणि ते सरांनाही आवडणार नाही. परंतु त्यांच्यावर गुन्हा नोंदवावा असे मला वाटत नाही. सरांनी आपले नाव यादीतून काढायला सांगितले आहे असे कळले. ते काढू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे. त्यांची फेरपरीक्षा घ्या, हवी तितकी कडक घ्या. ‘माझ्यावरही विश्वास ठेवू नका’ असे शिकवणारा माणूस मला आयुष्यात दुसरा भेटलेला नाही. माझी मुलगी आज सकाळी माझ्याशी भांडून कॉलेजला गेली. ती गेली, हे मी या माणसाचे देणे समजते आणि ते माझ्याच्याने फिटणारे नाही.

हा जबाब मला हवालदारांनी सावकाश वाचून दाखवला. त्यात ‘सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही’ असे वाक्य त्यांनी आपल्या पद्धतीने घातले होते. त्यातला ‘सुदैवाने’ मी खोडायला लावला आणि ‘सरांनी शिकवले होते म्हणून’ असे वर लिहून घेतले. खोडल्या जागी माझी सही आहे. बाकी सगळे माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.