समोरच्यांचा डबा

“हॅलो?… हॅलो, ताई?… थांब, थांब, आत रेंज नाही. बाहेर येतो… हं. बोल आता. येतंय ऐकू?”

दर रविवारी सकाळी नऊला ताईचा फोन येतो. ताई बहात्तरची, दुसऱ्या गावात राहणारी, आणि अडुसष्ट वर्षांच्या या भावाला अजून बाळ्या म्हणणारी. तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या घरात फोनचं कधीच जमलं नाही, म्हणून बाळ्या पॅसेजमध्ये उभा राहून बोलतो. पाठीमागे त्याचं दार, समोर कपडे शिवणाऱ्या बाईंचं दार, मध्ये चार पावलं फरशी.

“बरा आहे… जेवतो… झोप लागते. लागते म्हणजे लागते गं, त्यात सांगण्यासारखं काय असतं?… नाही, कुणी आलं नव्हतं. कोण येणार?… छे, भांडण कशाला होईल? भांडायला तरी कुणी दारात यायला हवं ना… हसत नाहीये मी, सांगतोय.”

“पेपर? पेपर बंदच आहे की. साथीत बंद केला, हात लावायची भीती म्हणून. मग पुन्हा सुरू करायचा राहून गेला… समोरच्या? त्या कुठे घेत होत्या? आपलाच अकरा वाजता त्यांच्याकडे जायचा… आता त्या काय वाचतात, मला काय माहीत… अरे!”

“…काही नाही. दार लागलं… वाऱ्यानं… माझंच… अगं लॅचचं दार आहे, बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही… किल्ली आत. खुंटीवर… हो. आणि गॅसवर दूध आहे.”

हे शेवटचं तो अशा आवाजात म्हणाला, की जणू कुणी बसचा नंबर विचारला होता.

“ओरडू नकोस… मंद आहे गॅस… ठेवून दहा मिनिटं झाली असतील… हो, उतू जाईल. गॅस विझेल. मग नुसताच सुटत राहील. कळतंय मला, ताई, सगळं कळतंय.”

“दुसरी किल्ली? आहे ना. समोरच्या बाईंकडे आहे. हिनंच दिली होती त्यांना. आमची त्यांच्याकडे, त्यांची आमच्याकडे… त्यांनी नंतर नवं कुलूप बसवलं. त्यांची जुनी किल्ली अजून माझ्याकडे आहे. तिनं आता काहीच उघडत नाही… नाही, नवी नाही दिली. मीही कशाला विचारतोय?”

“आहेत घरात. मशीनची खडखड ऐकू येतेय… वाजवतो… वाजवतो म्हटलं ना… अगं ऐक ना, आता तसं राहिलेलं नाही. एकदम कुणी बेल वाजवत नाही. आधी मेसेज करतात. इमारतीच्या ग्रुपवर लिहिलंच आहे, ‘येण्यापूर्वी कळवावे’… मी कसा कळवू? त्या ग्रुपवर नाहीत, आणि नंबर कुठे आहे त्यांचा?… चोवीस वर्षं समोर राहतो म्हणूनच नाही! समोरच्या दाराचा नंबर कोण घेतं? हाक मारली की ऐकू जायचं.”

“पूर्वीचं सोड. पूर्वी दोन्ही दारं दिवसभर सताड उघडी. ही इकडून विचारायची, त्या तिकडून सांगायच्या, आणि मध्ये पेपर धरून मी. बेल आहे की नाही, तेसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं… आहे. पांढरी आहे. धूळ बसलीय तिच्यावर.”

“…तसं नाही.”

“…तसंही नाही. घाबरायला काय झालं?… ताई, डब्याचं आहे गं.”

“डबा. त्यांचा डबा राहिलाय माझ्याकडे… स्टीलचा, कडीचा… नाही, तुला कधी बोललो नाही. ही दवाखान्यात होती ना, तेव्हा मला दाराबाहेर पडायला बंदी. सतरा दिवस. रोज बाराच्या ठोक्याला त्या दारात डबा ठेवायच्या, बेल वाजवायच्या आणि मी उघडेपर्यंत आत जाऊन दार लावून घ्यायच्या. तसाच नियम होता तेव्हा. मी आदल्या दिवशीचा डबा धुवून बाहेर ठेवायचो. दोन डबे होते, आलटून पालटून… हो, रोज. ही गेली त्या दिवशीही आला. बाराला फोन आला दवाखान्यातून आणि बारालाच बेल वाजली. आधी काय घ्यावं, कळेना… डबा घेतला. आधी डबा घेतला मी.”

बाळ्या एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत उभा राहिला. तीस वर्षं तो टपालाच्या खिडकीत बसून परक्या लोकांशी बोलला होता. पण तिथे लोक आपणहून समोर येत, आणि मध्ये काच असे.

“आहेस ना?… तो डबा राहिला. रिकामा कसा द्यायचा? ही म्हणायची ना, भांडं रिकामं परत देऊ नये. आणि घालायचं काय, ते मला ठरवता येईना. एकदा साखर आणली होती. मग म्हटलं, ही गेली आणि मी साखर देतोय, बरं दिसतं का ते?… हो, तांदूळ घालता आले असते. सुचले नाहीत. महिन्याभरात दिला असता तर चाललं असतं. वर्षानं दिला असता तर माफी मागून. पाच वर्षांनी दारात जाऊन काय म्हणायचं?… भेटतो की. जिन्यात. त्या मान हलवतात, मी मान हलवतो. त्यात कुठे डबा काढणार?”

“हो, दुधाचं लक्षात आहे माझ्या… हो, बाई, डबा गेला खड्ड्यात, वाजवतो…”

“थांब. मशीन थांबलं.”

“हळू बोल… म्हणजे मी हळू बोलतो. ऐकत असतील… ताई, दारातल्या त्या भिंगातून मघाशी उजेड दिसत होता. आता नाही दिसत… म्हणजे काय म्हणजे? दारामागे कुणीतरी उभं आहे… त्याच. दुसरं कोण असणार?”

“नाही, त्याही उघडत नाहीत. त्या आत, मी बाहेर… त्यांचं मी काय सांगू? माझंच सांगता येत नाही मला.”

“वास यायला लागला. करपल्याचा… ठेवलं बोट. बेलवर ठेवलंय… दाबतो.”

त्यानं बेल दाबली असती की नाही, हे त्यालाही सांगता आलं नसतं. त्याआधी समोरचं दार उघडलं. साखळी तशीच होती. चार बोटांच्या फटीतून एक हात बाहेर आला. मनगटाला टाचण्यांची छोटी उशी बांधलेली, बोटांत किल्ली धरलेली.

“…दूध… हो… ताई, धर जरा.”

पलीकडे ताई “बाळ्या, बाळ्या” करत राहिली असणार. फोन त्याच्या सदऱ्याच्या खिशात होता; आत आवाज तुटत होता, पण फोन कट झाला नव्हता. पाच-सात मिनिटांनी तो परत पॅसेजमध्ये आला, तेव्हा समोरचं दार बंद होतं आणि आपलं दार त्यानं पायानं अडवून धरलं होतं.

“हॅलो… आहेस?… झालं. विझलाच होता गॅस. बंद केला, खिडक्या उघडल्या… दूध सगळं ओट्यावर. पातेलं गेलं कामातून… मी ठीक आहे.”

“काय म्हणणार? ‘दूध’ म्हणाल्या… नाही, एवढंच. मीही ‘दूध’ म्हणालो… किल्ली मी मागितलीच नाही. दार उघडलं तेव्हा हातातच होती… आभार? आठवत नाही गं. मानले नसावेत. दार लागलं त्यांचं.”

“हातात आहे. बटण बांधलंय तिला, माझ्या तपकिरी कोटाचं. हिनंच बांधलेलं… तो कोट देऊन टाकला कधीच… ताई, धूळ नाहीये किल्लीवर.”

“…काही नाही. नाहीये, एवढंच म्हटलं.”

“हो, आता दोन्ही माझ्याकडेच झाल्या… पुन्हा लागलं तर अडकेन, कळतंय… परत द्यायची म्हणजे पुन्हा बेल आली. उद्या बघू… परवा… तू रडतेयस का?… मग नाक का ओढतेयस?… मला नाही येत गं. तेव्हाही आलं नाही. दर वेळी काय विचारतेस?”

“…धर एक मिनिट. धर म्हटलं ना.”

फळीवर, पिठाच्या डब्यामागे, तो होता. पाच वर्षं दर महिन्याला धुवून पुसून ठेवलेला, त्यामुळे नवा दिसत होता. बाळ्यानं किल्ली आत टाकली, झाकण लावलं, कडी चढवली. या वेळी स्वतःची किल्ली आधी खिशात घातली. समोरच्या दाराशी वाकून डबा ठेवला आणि बेल दाबली. बोट उचलायचं राहून गेलं, त्यामुळे ती फारच लांबलचक वाजली. मग तो चार पावलं मागे आला आणि आत शिरून त्यानं दार लावून घेतलं.

“…आलो. आतच आहे, दाराला चिकटून. इथे थोडी रेंज येते… डबा ठेवला… रिकामा नाही गं… किल्ली… हो, तीच. काय हसतेस?”

“थांबायला हवं होतं? तसाच नियम होता ना, वाजवायची आणि आत यायचं… आता नाही, माहीत आहे मला. पण मला तेवढाच येतो.”

“थांब. उघडलं… साखळी काढली… बघतोय, भिंगातून बघतोय… डबा उचलला… हलवून बघतायत. वाजलं ना आत… उघडला…”

“…काही नाही, नुसत्या उभ्या आहेत… हसल्या नाहीत. रडल्याही नाहीत. तुला काय, सिनेमा वाटला?… आता इकडे बघतायत. माझ्या दाराकडे… नाही उघडत मी… उघडू?… काय बोलू पण?…”

“गेल्या.”

“आत… डबा घेऊन… किल्ली? नेली… हो, नेली म्हटलं ना… तुटतंय तुझं… हॅलो?… हं, पुढच्या रविवारी… हॅलो? ताई?… अगं, मशीन सुरू झालं. ऐकू येतंय का तुला?… हॅलो?”

फोन केव्हाच कट झाला होता. बाळ्या तो तसाच दाराकडे धरून उभा राहिला.